आर्बकल, रॉस्को
(२४ मार्च १८८७–२९ जून १९३३). ‘फॅटी’ या नावाने गाजलेला अमेरिकन मूकपटांतील विनोदी नट व दिग्दर्शक. जन्म कॅनझस राज्यातील स्मिथ सेंटर येथे. १९१३ पासून त्याने मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीच्या लघुपटांत कामे केली. स्थूल देह असूनही विलक्षण चपळाई, हे त्याच्या अभिनयाचे वैशिष्ट्य. ‘द बुचर बॉय’ (१९१७) या लघुपटातून त्याने बस्टर कीटनला पडद्यावर आणले. व्हर्जिनिया रॅपी या नटीच्या मृत्यूवरून (१९२१) त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला झाला. दोनदा ज्यूरीत एकमत झाले नाही. तिसऱ्या ज्यूरीने एप्रिल १९२२ मध्ये त्याला निर्दोष ठरवले व त्याच्यावर घोर अन्याय झाल्याचे लेखी नमूद केले. तथापि सहाच दिवसांत चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेचा अध्यक्ष विल हेज याने त्याच्यावर बंदी घातली. ती त्याच वर्षी उठली. पण गेलेली लोकप्रियता परतली नाही. पुढे त्याला विल्यम गुडरिच या टोपणनावाने दिग्दर्शन करावे लागले. १९३२ मध्ये बोलपटांतून तो पडद्यावर परतला. मात्र लवकरच न्यूयॉर्क येथे निधन पावला.