सिंधूची साक्ष आणि निळा डाग

वाशी येथील नाट्यगृहास विष्णुदास भावे यांचे नाव दिलेले आहे. भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर मराठी नाटक देवादिकांच्या दरबारातून हळूहळू गृहस्थाच्या माजघरात आले आणि तेथील मारहाणही प्रेक्षकांच्या दृष्टीस पडू लागली. तथापि, जिला मार बसला तिचा जबाब या नाटकांत कोण देतो, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) पैशाच्या लोभाने बाप मुलगी म्हाताऱ्यास देऊ करतो. तिचे लग्न मोडते ते तिच्या आक्रोशाने नव्हे. कोदंड सगोत्रतेचा मुद्दा उपस्थित करतो म्हणून. धर्मशास्त्राची अडचण जेथे ऐकली जाते तेथे मुलीचे रडणे ऐकले जात नाही, ही गोष्ट देवलांनी हेतुतः दाखविली असावी.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त हा प्रश्न अधिक तीव्र होतो. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी वारले आणि नंतर महिन्याभरातच गंधर्व मंडळीने हे नाटक बडोद्यास केले. दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते, सिंधूही प्राणांतिक जखमी होते. फौजदार जबाब घेण्यास येतो, तेव्हा आपण पडल्यामुळे हे घडले असे ती सांगते. नवऱ्यास वाचविणारी ही खोटी साक्ष पातिव्रत्याची परिसीमा म्हणून गाजली. बालगंधर्वांच्या अभिनयाने तर तिला पूज्यता आली. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता, मरणाऱ्या स्त्रीचे अखेरचे औपचारिक विधान घडलेला गुन्हा पुसून टाकण्यासाठी खर्ची पडते. तिच्या मुखी असलेली पदेही गडकऱ्यांची नव्हेत, ती गुर्जरांनी रचली. हा योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा.

पन्नास वर्षांनी, म्हणजे ज्या वर्षी नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली त्याच १९७० साली, डॉ. श्रीराम लागू यांनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ बसविले. येथे बाप, मुलगे व मुलगी पैशापायी एकमेकांचे लचके तोडतात. त्यांच्या तोंडी शिव्यांनी तुटलेले गद्य आहे. त्यांचा अनौरस भाऊ रजनीनाथ मात्र काव्यमय भाषेत आठवण सांगतो. ती आठवण रमेची, त्या घरात दिलेल्या सुनेची. तो वाचला आहे म्हणून तो सांगू शकतो. रमेचे दुःख इतक्या कोमल शब्दांत अन्य कोणी सांगितले नसते, हे खरे. पण ते तिचे स्वतःचे शब्द नव्हेत, हेही तितकेच खरे.

परीक्षण मंडळाला शिव्यांबरोबर एक डागही खटकला. भावांनी लाथा मारून माणिकचा गर्भ पाडल्यावर तिच्या साडीवर उमटणारा तो रक्ताचा डाग होता. लागूंनी तो निळा केला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे प्रयोगाआधी जाहीर केले. मारहाणीपेक्षा तिचा पुरावा अधिक अश्लील ठरावा, हे विलक्षण आहे. सिंधूने जे प्रेमापोटी झाकले, ते येथे आदेशाने झाकावे लागले. मात्र या वेळी झाकल्याची वर्दी प्रेक्षकांना आगाऊ मिळाली होती.

तेंडुलकरांच्याच ‘कन्यादान’मध्ये (१९८३) ज्योती अखेर स्वतः बोलते. नवऱ्याचा मार सोसणारी ही मुलगी जाब विचारते तो आदर्शवादी बापाला, आणि पुन्हा त्याच नवऱ्याकडे जाते. मारणाऱ्या नवऱ्याला दलित कवी केल्यामुळे या नाटकावर झालेली टीका रास्त होती. त्या वादात ज्योतीचे भाषण मात्र झाकोळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विवाहितेचा छळ हा भारतीय दंडसंहितेच्या ४९८-अ कलमाने स्वतंत्र गुन्हा ठरला. फौजदारासमोर सिंधूने दिलेला जबाब तेव्हाही रंगभूमीवर टाळ्या घेत होता.