बेडकाच्या त्वचेतील जैव सक्रिय संयुगे

बेडूक व भेक यांच्या त्वचेतील ग्रंथींतून स्रवणाऱ्या आणि अत्यल्प प्रमाणातही इतर सजीवांच्या शरीरक्रियांवर परिणाम घडवून आणणाऱ्या संयुगांना ही संज्ञा लावतात. त्यांचे ॲमाइने, स्टेरॉइडे, अल्कलॉइडे व पेप्टाइडे (ॲमिनो अम्लांच्या आखूड शृंखला) असे चार प्रमुख गट आहेत. दक्षिण व मध्य अमेरिकेतील विषारी बेडकांची अल्कलॉइडे बहुतांशी मुंग्या, कोळीवर्गीय सूक्ष्म प्राणी इ. भक्ष्यांतून त्वचेत साठतात. बंदिवासात वाढविलेल्या बेडकांत ती आढळत नाहीत. पेप्टाइडे मात्र बेडकाच्या स्वतःच्या जनुकांनुसार (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या घटकांनुसार) तयार होतात. त्यामुळे या संयुगांच्या आनुवंशिकीचा अभ्यास म्हणजे मुख्यत्वे पेप्टाइडांचा अभ्यास होय.

ग्रंथी व स्राव : बेडकाच्या त्वचेत श्लेष्म ग्रंथी व कणिकामय ग्रंथी असे दोन प्रकार असतात. श्लेष्म ग्रंथी त्वचा ओलसर ठेवून श्वसनास मदत करतात. कणिकामय ग्रंथींत जैव सक्रिय द्रव्ये साठविलेली असतात. भीती, इजा वा ताण यांमुळे अनुकंपी तंत्रिका उद्दीपित झाल्या की, ग्रंथीभोवतालच्या आकुंचनशील कोशिका आवळल्या जाऊन स्राव त्वचेवर पसरतो. ॲड्रेनॅलीन टोचून किंवा सौम्य विद्युत् प्रवाह देऊनही तो मिळविता येतो. सतत ओल्या असणाऱ्या त्वचेवर सूक्ष्मजंतू व कवके सहज वाढू शकतात; त्यांना आवर घालणे व भक्षकाला परावृत्त करणे ही या स्रावाची प्रमुख कार्ये आहेत.

इतिहास : या विषयाचा पाया इटालियन औषधक्रियावैज्ञानिक व्हित्तोर्यो एर्स्पामर यांनी घातला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खंडांतील शेकडो उभयचर जातींच्या त्वचांचे अर्क तपासले. १९६० नंतरच्या दशकात फिसालेमीन व सेरुलीन ही पेप्टाइडे आणि पुढे बाँबेसीन हे पेप्टाइड त्यांनी वेगळे केले. सेरुलीनाचे सस्तन प्राण्यांच्या पचन तंत्रातील गॅस्ट्रीन व कोलेसिस्टोकायनीन या हॉर्मोनांशी साम्य आढळले. बेडकाच्या त्वचेत सापडणाऱ्या पेप्टाइडांची प्रतिरूपे सस्तन प्राण्यांच्या आतड्यात व मेंदूतही असतात, हा एर्स्पामर यांचा निष्कर्ष पुढील संशोधनास दिशादर्शक ठरला.

या काळातील पद्धतींना मोठ्या संख्येने बेडकांच्या त्वचा लागत. अल्कलॉइडांच्या बाबतीतही हीच स्थिती होती. जॉन डॅली यांना एक्वादोरमधील सु. ७५० बेडकांच्या त्वचांपासून एपिबॅटिडीन हे वेदनाशामक अल्कलॉइड १ मिग्रॅ.पेक्षाही कमी मिळाले व त्याची संरचना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मायकेल झॅसलॉफ हे अमेरिकेत झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग करीत असत. अंडी काढण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बेडूक निर्जंतुक नसलेल्या पाण्यात सोडले, तरी त्यांच्या जखमा न चिघळता भरून येतात, असे त्यांना दिसले. त्याचे कारण शोधताना त्यांना २३ ॲमिनो अम्लांची दोन पेप्टाइडे मिळाली. हिब्रू भाषेतील ढाल या अर्थाच्या शब्दावरून त्यांना मॅगेनीन हे नाव देण्यात आले (१९८७). मॅगेनिनापासून मधुमेही रुग्णांच्या पायांवरील व्रणांसाठी पेक्सिगनान हे औषध बनविण्यात आले. परंतु १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्यास मान्यता दिली नाही.

जनुकीय यंत्रणा : ऑस्ट्रियातील गुंथर क्राइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये झेनोपसाच्या त्वचेतील सेरुलिनाच्या पूर्वगामी प्रथिनाची संहिता संदेशवाहक आरएनएवरून उलगडली. अशा अभ्यासांतून असे स्पष्ट झाले की, जनुकापासून प्रथम एक लांब पूर्वगामी प्रथिन तयार होते. त्याच्या आरंभी प्रथिनाला कोशिकेतील योग्य स्थानी नेणारा संकेतखंड, मध्ये अम्लधर्मी खंड व शेवटी प्रत्यक्ष क्रियाशील पेप्टाइड असते. एंझाइमे ठराविक ठिकाणी ही शृंखला तोडतात व पेप्टाइड मोकळे होते.

या तीन भागांच्या उत्क्रांतीचा वेग सारखा नाही. संकेतखंड दूरच्या नात्यातील जातींतही जवळजवळ सारखाच राहिला आहे, तर क्रियाशील खंड जातीजातींत मोठ्या प्रमाणात बदललेला आढळतो. जनुकाच्या वारंवार प्रती होणे, त्या प्रतींत उत्परिवर्तने साचणे व बदलत्या रोगजंतूंविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या प्रकारांची नैसर्गिक निवड होणे ही त्याची कारणे मानतात. परिणामी एकाच बेडकाच्या स्रावात अनेक निरनिराळी पेप्टाइडे असू शकतात.

तथापि जनुकावरून सर्वच गोष्टी कळत नाहीत. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकी झाडबेडकापासून मिळालेल्या डर्मॉर्फीन या प्रभावी वेदनाशामक पेप्टाइडात ॲलॅनीन हे ॲमिनो अम्ल प्राण्यांत सहसा न आढळणाऱ्या ‘डी’ रूपात असते. १९८७ मध्ये त्याच्या पूर्वगामी प्रथिनाची संहिता मिळाली, तेव्हा तीत नेहमीच्या ‘एल’ ॲलॅनिनाचाच संकेत आढळला. म्हणजेच हा बदल शृंखला तयार झाल्यानंतर घडतो.

२००३ मध्ये उत्तर आयर्लंडमधील ख्रिस शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाने सोडलेल्या स्रावातच पेप्टाइडांचे संदेशवाहक आरएनए टिकून असतात, असे दाखविले. संकेतखंड जवळजवळ समान असल्याने त्याच्या आधारे अज्ञात पेप्टाइडांची जनुकेही हुडकता येतात. बेडूक न मारता, स्राव घेऊन त्यास पुन्हा पाण्यात सोडून देणे त्यामुळे शक्य झाले.

भारतातील संशोधन : रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन व कोकण किनाऱ्यावरील इतर गावांच्या भातखाचरांत पहिल्या पावसाबरोबर ज्याचे ओरडणे ऐकू येते, तो डरांव किंवा बैलबेडूक (राना टायग्रिना; आधुनिक नाव हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) भारतात सर्वत्र परिचित आहे. प्रजननकाळात त्याचा नर पिवळाधमक होतो व त्याच्या स्वरकोशांना निळा रंग येतो. त्याच्या पायांच्या मांसाची परदेशांत निर्यात होत असे. १९८५ मध्ये या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला आणि १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली. याच जातीच्या त्वचास्रावापासून हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी टायगेरिनीन ही चार पेप्टाइडे वेगळी करून २००१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती केवळ ११ किंवा १२ ॲमिनो अम्लांची असून सूक्ष्मजंतूंच्या पटलांना भेदतात. ज्या जातीचे मोल पूर्वी वजनावर ठरत होते, तिच्या त्वचेत अशी संयुगे असल्याचे निर्यातबंदीनंतर १४ वर्षांनी कळले.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राशी अधिक निगडित आहे. १८३८ मध्ये वर्णन झालेल्या मलबारी बेडकात द्वीपकल्पातील एकाहून अधिक जाती दीर्घकाळ एकत्र गणल्या जात होत्या. पुण्यातील आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना व जनुकक्रम यांच्या आधारे त्यांपैकी एक जात वेगळी केली आणि तिच्या विस्तृत प्रसारावरून तिला हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा हे नाव दिले (२०१५). दोनच वर्षांनी तिरुअनंतपुरम् येथील राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र व अमेरिकेतील एमरी विद्यापीठ येथील सनिल जॉर्ज, जॉशी जेकब इत्यादींनी याच जातीच्या स्रावातील २७ ॲमिनो अम्लांच्या पेप्टाइडाचे वर्णन केले. केरळमधील उरुमी या लवचिक तलवारीवरून त्याला उरुमीन म्हणतात. तपासलेल्या ३२ पेप्टाइडांपैकी चार इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसाविरुद्ध परिणामकारक ठरली. त्यांपैकी उरुमीन मानवी तांबड्या कोशिकांना अपायकारक नव्हते. ते एच१ गटातील व्हायरसांच्या पृष्ठप्रथिनाच्या देठासारख्या, सहसा न बदलणाऱ्या भागास चिकटते आणि व्हायरस नष्ट करते. नाकावाटे दिल्यास ते उंदरांचे संरक्षण करते. एच३ गटातील व्हायरसावर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

संरक्षण : १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओळखल्या गेलेल्या कायट्रिड कवकाच्या संसर्गाने जगातील अनेक उभयचर जाती घटल्या वा नष्ट झाल्या. बेडकांची काही त्वचापेप्टाइडे या कवकाची वाढ रोखतात. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांतही त्याचा संसर्ग आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये जैविक साधनसंपत्तीचा वापर व त्यापासून होणाऱ्या लाभांचे वाटप यांचे नियमन होते. एकदा क्रम कळला की, पेप्टाइड प्रयोगशाळेत कृत्रिम रीत्या बनविता येते. परंतु नवे क्रम निर्माण करणारी जनुकीय विविधता जिवंत समूहांतच असते. जात नष्ट झाल्यास न वाचलेले क्रम तिच्याबरोबरच जातात. त्यामुळे पाणथळ जागा, भातखाचरे व सड्यांवरील पावसाळी डबकी यांचे रक्षण आणि जातींचे अचूक वर्गीकरण ही या संशोधनाची पहिली गरज ठरते.