विनाकमिशन बॅकरॅट

विनाकमिशन बॅकरॅट हा पुंतो बांको या कॅसिनोतील पत्त्यांच्या खेळाचा उपप्रकार आहे. नेहमीच्या खेळात बँकरच्या बाजूने लावलेली पैज जिंकल्यास मिळणाऱ्या रकमेतून कॅसिनो ५ टक्के कमिशन कापून घेतो. विनाकमिशन प्रकारात ही कपात होत नाही, मात्र बँकरच्या एका ठरावीक विजयावर अर्धीच रक्कम दिली जाते किंवा काहीच दिले जात नाही. या अपवादावरून त्याचे दोन प्रमुख प्रकार पडतात. पहिला सुपर ६ (यालाच पुंतो २००० असेही म्हणतात) आणि दुसरा ईझी बॅकरॅट. पत्ते वाटण्याचे व पान ओढण्याचे नियम दोन्हींत मूळ खेळासारखेच असतात. फरक केवळ हिशेबात असतो.

पार्श्वभूमी

बॅकरॅटचे जुने प्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाले. त्यांपैकी शमँ द फेर या प्रकारात खेळाडू आळीपाळीने बँक सांभाळत आणि तिसरे पान घ्यावे की नाही याबाबत खेळाडूला काही प्रमाणात निवडीला वाव असे. क्युबातील हवाना शहरात खेळला जाणारा पुंतो बांको १९५९ मध्ये टॉमी रेन्झोनी यांनी लास व्हेगासच्या सँड्स कॅसिनोत आणला. या प्रकारात बँक कायम कॅसिनोकडे असते आणि तिसऱ्या पानाचा निर्णय नियमांनीच ठरलेला असतो. त्यामुळे पैज कोणत्या बाजूवर लावायची याखेरीज खेळाडूला काहीच ठरवायचे उरत नाही. आज मकाऊच्या कॅसिनोंचे बहुतांश उत्पन्न बॅकरॅटमधून येते.

कमिशनचा हिशेब किचकट असतो. १०० च्या पैजेवर ९५ देणे सोपे आहे, पण २५ च्या पैजेवर २३.७५ देताना सुटे चिप लागतात. म्हणून अनेक टेबलांवर प्रत्येक जागेपुढील चौकटीत थकलेले कमिशन खुणेने मांडून ठेवतात व पत्त्यांची पेटी संपल्यावर वसूल करतात. यात वेळ जातो, चुका होतात आणि कधी कधी वादही होतात. विनाकमिशन प्रकार पुढे येण्यामागे खेळाडूंच्या सोयीइतकेच टेबलावरील डावांची गती वाढवण्याचे कारणही होते.

पत्त्यांचे मूल्य व वाटप

सामान्यतः ८ कॅट, म्हणजे ४१६ पत्ते, एकत्र पिसून एका पेटीत ठेवतात. एक्क्याचे मूल्य १, दुर्रीपासून नव्वीपर्यंतच्या पानांचे मूल्य त्यांवरील आकड्याइतके आणि दश्शी, गुलाम, राणी व राजा यांचे मूल्य शून्य असते. तीन पत्तीची सवय असलेल्या वाचकाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण येथे राजा सर्वांत निरुपयोगी पानांपैकी एक आहे. पानांच्या बेरजेतील केवळ एकक स्थानचा अंक धरला जातो. ९ आणि ७ मिळून १६ झाले तर हाताचे मूल्य ६ होते. सर्वोच्च मूल्य ९ असते.

‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ ही दोन हातांची नावे आहेत. टेबलावर बसलेल्या व्यक्तींशी त्यांचा संबंध नसतो. कोणीही कोणत्याही हातावर पैज लावू शकतो. प्रत्येक हाताला दोन पाने मिळतात. कोणत्याही हाताचे मूल्य ८ किंवा ९ झाल्यास डाव तेथेच संपतो. तसे न झाल्यास प्लेअर ० ते ५ वर तिसरे पान घेतो, तर ६ व ७ वर थांबतो. प्लेअर थांबला असेल तर बँकरही हाच नियम पाळतो.

प्लेअरने तिसरे पान घेतले असल्यास बँकरचा नियम त्या पानावर अवलंबून राहतो, आणि नवशिक्यांची अडचण होते ती येथेच. बँकर ०, १ किंवा २ वर नेहमी पान घेतो. ३ वर, प्लेअरचे तिसरे पान अठ्ठी असेल तरच थांबतो. ४ वर ते पान २ ते ७ असल्यास, ५ वर ते ४ ते ७ असल्यास आणि ६ वर ते ६ किंवा ७ असल्यास बँकर पान घेतो. ७ वर तो थांबतो. बँकरचे मूल्य वाढत जाते तशी पान घेण्याची खिडकी अरुंद होते, तिचे वरचे टोक मात्र ७ वरच राहते. ही संगती ध्यानात आली की तक्ता पाठ करावा लागत नाही.

प्लेअरचे पान पाहून मग निर्णय होत असल्याने बँकरचा हात किंचित वरचढ ठरतो. ८ कॅटच्या खेळात बँकर ४५.८६ टक्के, प्लेअर ४४.६२ टक्के डाव जिंकतो आणि ९.५२ टक्के डाव बरोबरीत सुटतात. बरोबरी झाल्यास दोन्ही हातांवरील पैजा परत मिळतात. बँकरच्या पैजेवर काहीच कापले नाही तर दीर्घकाळात कॅसिनो तोट्यात जाईल. म्हणून कमिशन काढले तर त्याची भरपाई अन्यत्र करावीच लागते.

सुपर ६

या प्रकारात बँकर ६ या मूल्यावर जिंकला, तर पैजेच्या निम्मीच रक्कम मिळते, म्हणजे १०० वर ५०. बँकरच्या इतर सर्व विजयांवर पैजेइतकी पूर्ण रक्कम मिळते. बँकर ६ वर जिंकण्याची शक्यता ५.३९ टक्के, म्हणजे साधारण १९ डावांत एकदा असते. नेमक्या याच घटनेवर लावता येणाऱ्या ‘सुपर ६’ या जोडपैजेवर १२ पट रक्कम मिळते.

ईझी बॅकरॅट

येथे बँकर तीन पानांच्या ७ वर जिंकल्यास बँकरवरील पैज केवळ परत मिळते, तर प्लेअरवरील पैज नेहमीप्रमाणे हरते. दोन पानांच्या ७ ला हा अपवाद लागू नाही. ही घटना २.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४४ डावांत एकदा घडते. तिच्यावरील ‘ड्रॅगन ७’ या जोडपैजेवर ४० पट रक्कम मिळते. प्लेअर तीन पानांच्या ८ वर जिंकल्यास ‘पांडा ८’ या दुसऱ्या जोडपैजेवर २५ पट रक्कम मिळते आणि त्याची शक्यता ३.४५ टक्के असते.

उदाहरण

समजा, प्लेअरला राणी व चार, आणि बँकरला नऊ व सात मिळाले. प्लेअरचे मूल्य ४ असल्याने तो तिसरे पान घेतो. ते ६ निघते व त्याचे मूल्य शून्यावर येते. बँकर ६ वर जिंकत असूनही प्लेअरचे तिसरे पान ६ असल्यामुळे त्याला पान घ्यावेच लागते. ते एक्का निघाले, तर बँकरचे मूल्य ७ होते व तो तीन पानांनी जिंकतो. बँकरवर १०० लावणाऱ्यास नेहमीच्या टेबलावर ९५ व सुपर ६ मध्ये १०० मिळतील. ईझी बॅकरॅटमध्ये मात्र केवळ त्याचे १०० परत येतील. हेच पान राजा असते, तर बँकर ६ वरच जिंकला असता आणि त्याच क्रमाने ९५, ५० व १०० मिळाले असते.

हाऊस एज

पैजेच्या रकमेपैकी कॅसिनोकडे दीर्घकाळात सरासरीने राहणाऱ्या वाट्याला हाऊस एज म्हणतात. बँकरच्या पैजेवर तो नेहमीच्या खेळात १.०६ टक्के, ईझी बॅकरॅटमध्ये १.०२ टक्के आणि सुपर ६ मध्ये १.४६ टक्के असतो. प्लेअरच्या पैजेवर तो तिन्हींत १.२४ टक्केच राहतो. ‘नेहमी बँकरवरच लावावे’ हा प्रचलित सल्ला त्यामुळे सुपर ६ च्या टेबलावर चुकीचा ठरतो. तेथे प्लेअरची पैज कमी महाग पडते. कमिशन नाही या शब्दांवरून खेळ स्वस्त झाल्याचा समज होतो, पण या प्रकारात उलट घडते.

ईझी बॅकरॅटमधील किरकोळ सवलतही डावांच्या गतीने निष्प्रभ होऊ शकते. समजा, तासाला ७० ऐवजी ८० डाव झाले आणि दर डावाला बँकरवर १०० लावले, तर अपेक्षित तोटा तासाला सुमारे ७४ वरून ८१ वर जातो.

जोडपैजा याहून कितीतरी महाग आहेत. पांडा ८ वर हाऊस एज १०.१९ टक्के, ड्रॅगन ७ वर ७.६१ टक्के, तर सुपर ६ च्या जोडपैजेवर तब्बल ३० टक्क्यांच्या आसपास असतो. बरोबरीवरील ‘टाय’ या पैजेवर ८ पट रक्कम मिळत असल्यास तो १४.३६ टक्के असतो. ड्रॅगन ७ ची शक्यता पेटीत उरलेल्या पानांनुसार बदलते. आठ-नऊ ही पाने बरीच वाटून झाली आणि चार ते सात ही पाने उरली, तर ती वाढते. त्यामुळे पाने मोजणाऱ्यांचे या पैजेकडे लक्ष गेले आहे. मुख्य पैजांच्या बाबतीत पाने मोजून व्यवहारात काही हाती लागत नाही. टेबलापाशी फलकावर मागील डावांचे निकाल दाखवलेले असतात व अनेक जण त्यांत क्रम शोधतात. त्या आकृतिबंधावरून पुढील डावाचे भाकीत करता येत नाही.

भारतातील स्थिती

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे कॅसिनोंना परवानगी मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर बॅकरॅटची टेबले असतात. गोव्यातील स्थानिक रहिवाशांना खेळण्यासाठी कॅसिनोत प्रवेश देण्यावर राज्य सरकारने २०२० मध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा कायदा १९७६ मध्येच संमत झाला होता, पण तो कधीही अमलात आला नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली असून संकेतस्थळांवरील बॅकरॅटही तिच्या कक्षेत येते.