बेकारी-दरांची आंतरराष्ट्रीय तुलना (मंदीनंतरची)

मंदीनंतर निरनिराळ्या देशांतील बेकारीचे दर शेजारी ठेवून झळ कोणाला किती बसली आणि कोण लवकर सावरले, हे ताडून पाहण्याची पद्धत. बेकारीचा दर म्हणजे श्रमशक्तीतील बेकारांचे शेकडा प्रमाण. श्रमशक्ती म्हणजे काम असलेले आणि काम शोधणारे यांची बेरीज. यातला ‘शोधणारे’ हा शब्द साधा दिसतो, पण तुलनेतले बरेचसे घोळ त्याच्यापाशीच सुरू होतात.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि मंदी चिघळली. २००९ मध्ये जर्मनीचे सकल उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घटले, स्पेनचे ४ टक्क्यांच्या जवळपास, अमेरिकेचे त्याहून कमी. उत्पादनावरून अंदाज बांधायचा, तर बेकारीचा सर्वांत मोठा तडाखा जर्मनीला बसायला हवा होता. घडले उलटेच. जर्मनीचा दर साडेसात-आठ टक्क्यांच्या आसपास राहिला आणि पुढच्याच वर्षी उतरला. अमेरिकेचा दर २००७ च्या अखेरीस ५ टक्के होता, तो ऑक्टोबर २००९ मध्ये १० वर पोहोचला. स्पेनमध्ये २००७ साली सुमारे ८ टक्के लोक बेकार होते. २००९ मध्ये १८ आणि २०१३ मध्ये २६. म्हणजे चार कामकऱ्यांमागे एकाहून अधिक माणूस घरी.

याचे उत्तर कारखान्याच्या फाटकाशी सापडते. जर्मनीत मागणी घटली की मालक माणसे काढण्याऐवजी तास कमी करी. पाच दिवसांऐवजी तीन दिवस कामावर येणाऱ्याला बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के, भरपाई बेकारी विम्यातून मिळे. ‘कुर्ट्सआर्बाइट’, म्हणजे ‘अल्पकाळ काम’, या योजनेत २००९ च्या मे महिन्यात सुमारे १५ लाख कामगार होते. सर्वेक्षणाच्या दृष्टीने ते सगळे ‘कामावर’. स्पेनमध्ये मंदीपूर्वी जवळपास एकतृतीयांश नोकरदार हंगामी करारावर होते, त्यांतले कितीतरी घरबांधणीत. बांधकामे थांबली, करार संपले, नव्याने झालेच नाहीत. त्या गवंड्यांना काढून टाकण्याचीही गरज पडली नाही.

दर मोजतात तो असा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषांनुसार पाहणीचा कर्मचारी घरी येऊन विचारतो : गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी तासभर तरी काम केले का? नसेल, तर गेल्या चार आठवड्यांत काम शोधले का? मिळाले, तर लगेच रुजू होता येईल का? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की माणूस रोजगारात. दुसऱ्याला ‘नाही’ म्हटले की तो बेकारही नाही, तो मोजणीबाहेर. आठवड्याला चार तासांचे काम मिळालेला आणि खेटे घालून थकलेला, दोघांचीही परवड मुख्य आकड्यात दिसत नाही. जर्मन रोजगार कार्यालयाचा नोंदणीवर आधारलेला आकडा यापेक्षा वेगळा असतो, कारण आठवड्याला १५ तासांहून कमी काम करणाराही तिथे बेकार म्हणून नाव ठेवू शकतो. एका देशाची नोंदणी आणि दुसऱ्याची पाहणी शेजारी मांडणे ही सर्रास होणारी चूक आहे.

शंभर जणांच्या श्रमशक्तीत दहा बेकार असले, तर दर १० टक्के. त्यांतल्या तिघांनी शोध सोडला की उरतात सत्त्याण्णवांत सात, दर ७.२. नोकरी एकालाही लागलेली नाही. अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर दिसले : ऑक्टोबर २००९ ते डिसेंबर २०१३ या काळात बेकारी १० वरून ६.७ टक्क्यांवर आली, पण प्रौढ लोकसंख्येतील कामावर असलेल्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या घरातच अडकून राहिले. यात निवृत्त होणाऱ्यांचाही वाटा होता. तरीही हा दुसरा आकडा न पाहता ‘अमेरिका सावरली’ असा निर्वाळा देणे चूकच. लॅटव्हिया आणि आयर्लंडमधून तर हजारो तरुण परदेशी गेले आणि मायदेशाच्या मोजणीतूनच वजा झाले.

कोविडच्या टाळेबंदीत ही विसंगती टोकाला गेली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेचा दर १४.७ टक्के झाला, कारण तात्पुरती घरी बसवलेली माणसे तिथे बेकारांत धरतात. जर्मनीत त्याच महिन्यात सुमारे ६० लाख लोक अल्पकाळ कामावर होते आणि रोजगारात गणले जात होते. इटलीत तर प्राथमिक आकडेवारीनुसार दर घटला. घराबाहेर पडण्याचीच बंदी असताना काम शोधणार कोण?

२००८ च्या मंदीच्या तक्त्यांत भारताचा रकाना भरणे अवघड जाते. रोजगाराची मोठी पाहणी तेव्हा साधारण पाच वर्षांनी होई : २००४-०५, मग २००९-१०. शिवाय घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी माणसेही इथे रोजगारात धरली जातात. केंद्राच्या लेबर ब्युरोने निवडक उद्योगांत घाईने पाहणी करून ऑक्टोबर-डिसेंबर २००८ या तिमाहीत सुमारे ५ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज दिला. देशाचा सरकारी बेकारी-दर दरमहा प्रसिद्ध होऊ लागला तो मे २०२५ पासून.