घरातला माग आणि दिवसाचे माप

2020 च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली आणि ‘घरून काम’ हा शब्द खेड्यापाड्यांतही पोचला. शाळेला कुलूप लागले, पण गुरुजींची शाळा काही सुटली नाही. ओटीवर बसून मोबाईलवर धडे देणे सुरू झाले. आधी वाटले, बरे झाले, जाण्यायेण्याची दगदग वाचली. महिनाभरात सूर पालटला. काम संपतच नाही, जेवतानाही काम आणि निजतानाही काम, असे जो तो म्हणू लागला.

ही तक्रार नव्या काळाची आहे, असे पुष्कळांनी तेव्हा बोलून दाखवले. पण ती तशी नाही. सकाळी घर सोडायचे, ठरलेले तास भरायचे आणि परत यायचे, ही रीतच मुळी अलीकडची. कुंभार, कोष्टी, सोनार यांचे घर हाच त्यांचा कारखाना होता. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवताना रांगते मूल पायाखाली आले, ते त्यांना कळलेच नाही. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशीच आहे. पण जिथे चिखल तुडवायचा तिथेच मूल रांगते, ही घरात काम करणाऱ्याची जुनी अडचणही तिच्यात आहे, नाही का?

घरी काम करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाई, याचा लेखी पुरावा फार थोडा मिळतो. माग चालवणारा माणूस रोजनिशी कशाला लिहील? पण इंग्लंडात एकाने लिहिली. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावाजवळ कॉर्नेलियस अ‍ॅशवर्थ नावाचा एक विणकर राहत असे. थोडी शेती होती, गाय होती आणि घरात माग होता. त्याची 1782-83 सालची रोजनिशी टिकली आणि ई. पी. टॉमसन या इतिहासकाराने 1967 साली आपल्या एका प्रसिद्ध निबंधात तिच्यातला मजकूर वापरला.

त्या रोजनिशीत काय आहे, बघा. पाऊस लागला की गडी घरात बसतो आणि साडेआठ-नऊ वार कापड विणतो. तयार ठाण पोचवायला जायचे असेल त्या दिवशी पावणेपाच वारच होते. एके दिवशी दुपारी तीनपर्यंत बाहेरचे काम करून मावळतीच्या आत दोन वार विणले आणि रात्री स्वतःचा कोट सांधला. नाताळच्या आदल्या दिवशी अकराच्या आत दोन वार झाले. मग कोळशाचा ढीग रचणे, स्वयंपाकघराचे छत आणि भिंती झाडणे, उकिरडा सारखा करणे, असे करता करता रात्रीचे दहा वाजले. जानेवारीत गाय व्याली. त्या दिवशी तिच्याभोवतीच फार वेळ गेला, कापड पावणेतीन वारच झाले. दुसऱ्या दिवशी हा तिचे औषध आणायला हॅलिफॅक्सला चालत गेला.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. या माणसाला आळशी कोण म्हणेल? तो पुष्कळ राबतो. पण त्याच्या कामाला घड्याळाचे माप नाही. ऊन-पाऊस, गाय आणि ठाण पोचवण्याचा वार हेच त्याचे माप. त्या मुलखातल्या विणकरांच्या घरांना माडीवर खिडक्यांच्या लांबच लांब ओळी असत, कारण मागाला उजेड लागे. हातावर पोट असलेल्या पुष्कळ कारागिरांत सोमवारी काम न करण्याची रूढीही होती. थट्टेने तिला ‘संत सोमवार’ म्हणत. सोमवारी गप्पा आणि गुत्ता, मग गुरुवार-शुक्रवारी रात्री जागून भरपाई. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे पुसून पूजेला मांडतात, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्या सुट्ट्या देवाधर्माने बांधलेल्या, त्यांची गुत्त्याने. मला विचाराल तर आमची तऱ्हा थोडी बरी.

हॅलिफॅक्सच्या पश्चिमेचे डोंगर ओलांडले की लँकेशायर लागतो. तिथे सुताचे माग. सूतगिरण्या निघाल्या, सूत मुबलक झाले, पण विणायचे अजून हातानेच. त्यामुळे विणकराला भाव आला. 1788 ते 1803 हा या धंद्याचा सोन्याचा काळ, असे त्याच धंद्यातल्या विल्यम रॅडक्लिफ यांनी लिहून ठेवले आहे. मग ज्याला त्याला माग हवासा झाला. साधे कापड विणायला लवकर शिकता येई. माग वाढले, हात वाढले आणि वारामागचा दर घसरू लागला. किमान दर ठरवून द्या, अशी विणकरांनी पार्लमेंटला विनंती केली. पार्लमेंटने 1808 साली ती फेटाळली. यंत्रमाग सर्वत्र पसरायला अजून बरीच वर्षे होती. म्हणजे हातमागवाल्याला एकट्या यंत्रानेच बुडवले, असे जे सरसकट शिकवले जाते, ते अपुरे आहे. शिक्षकांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

दर उतरला की तेवढ्याच भाकरीसाठी जास्त वार विणावे लागतात. घरात तर भोंगा नसतो. मग दिवस मेणबत्तीच्या उजेडात पुढे ढकलायचा, बायकोला दुसऱ्या मागावर बसवायचे, पोरांना कांड्या भरायला लावायचे. ज्या घरात मनासारखा वेळ होता, त्याच घरात आता वेळच उरला नाही. माग तोच आणि माणूसही तोच, फक्त दर बदलला. 1834-35 साली पार्लमेंटच्या समितीने या विणकरांच्या साक्षी घेतल्या, पण तोवर उशीर झाला होता.

आपल्याकडे सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचे गणितही असेच, हजार विड्यांच्या दरावर बांधलेले. 1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा त्यात घरी बसून काम करणारीलाही कामगार मानले गेले. नुसता हा शब्द मिळवायलाही किती काळ जावा लागला!

त्याआधी सात वर्षे, 15 मार्च 1959 रोजी, मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत पापड झाले. तिथली पद्धत पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळायचे. सकाळी बहिणी येतात, कालचे वाळलेले पापड तोलून देतात, लाटणावळ घेतात आणि आजचे पीठ घरी नेतात. किती न्यायचे ते आपल्या सवडीने. नेलेले पीठ लाटून झाले की त्या दिवसाचे काम तिथे थांबते. आणि धंदा बहिणींच्याच मालकीचा, म्हणून दर पाडणारा दलाल मध्ये नाही. पीठ देण्याआधी घरात लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का, तेही पाहतात. जिच्या घरी तेवढी जागा नसेल, तिला केंद्रावर पीठ मळण्याचे नाहीतर पापड बांधण्याचे काम मिळते.