दोन हंगामांच्या मधले बोलणे

फुटबॉलचा इतिहास बहुधा सामन्यांच्या तारखांनी लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता चषक कोणी जिंकला, अंतिम सामन्यात गोल कोणी केला, याच्या नोंदी राहतात. शेवटची शिट्टी वाजल्यापासून पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापर्यंत जे महिने जातात, त्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. मैदान ओस पडलेले असते. चाहत्यांची जीभ मात्र याच काळात सर्वांत अधिक चालते. कोणता खेळाडू राहील, कोण जाईल, प्रशिक्षक ठेवावा की काढावा, मालकांच्या मनात काय आहे, याचे निवाडे चहाच्या टपरीवर, रेल्वे कॉलनीच्या ओट्यावर आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातही होतात. या बोलण्यालाही इतिहास आहे, आणि आपल्या तरुणांनी तो जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

खानदेशातील मासिकवाचकांपुढे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांचा जुना जिव्हाळ्याचा खेळ म्हणजे कुस्ती. देशभर नाव असलेला फुटबॉल क्लब आपल्याकडे नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जी. आय. पी. रेल्वेचे रूळ खानदेशातून गेले आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला, कलकत्त्यात १८९३ साली आय. एफ. ए. शील्ड. या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग जळगाव-भुसावळवरून जातो. रेल्वेच्या नोकरीने गोवेकर, अँग्लो-इंडियन आणि दक्षिणेकडील ख्रिस्ती कुटुंबे येथे आली. आपल्या मातीतला क्लब नसल्यामुळे खानदेशातील चाहता आपली निष्ठा दूरच्या क्लबाला वाहतो. कोणी गोव्याच्या, कोणी कोलकात्याच्या, आणि हल्ली तर इंग्लंड-स्पेनच्या. ज्यांचे तोंड आपण कधी पाहणार नाही, अशा माणसांविषयी आपण बोलत असतो. म्हणून जबाबदारी कमी होते का, हाच प्रश्न आहे.

प्रथम खेळाडूचा विचार करू. आपल्याकडे आखाजीला सालदाराचे साल संपते व नवे ठरते. जुना मालक सोडून सालदार दुसऱ्याच्या शेतावर गेला, तर दोन दिवस चर्चा होते. परंतु गाव त्याला फितूर म्हणत नाही. त्याचेही पोट आहे, मुलाबाळांची शिक्षणे आहेत, हे सर्वांना कळते. कोलकात्याच्या मैदानावर जवळजवळ याच ऋतूत, नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी, खेळाडूंच्या क्लबबदलाचे दिवस येत. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तीन बड्या क्लबांची माणसे खेळाडूंना घरातून घेऊन जात, सही होईपर्यंत अज्ञात ठिकाणी ठेवीत. चाहते त्या बातम्यांसाठी रात्री जागत. १९८० च्या हंगामाआधी ईस्ट बंगालचे अनेक नामवंत खेळाडू एकदम मोहम्मडन स्पोर्टिंगकडे गेले, तेव्हा कालपर्यंत ज्यांच्या नावाचा जयजयकार होई त्यांनाच विश्वासघातकी ठरवण्यात आले. जो न्याय आपण सालदाराला देतो, तो खेळाडूला का देत नाही?

रोव्हर्स चषक सुरू झाला त्याच १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. कामगाराचे श्रम म्हणजे नुसता बाजारातला माल नव्हे, आणि त्याला न्याय्य वेतनाचा हक्क आहे, ही शिकवण त्यात आहे. या दोन घटना एका वर्षी घडल्या हा केवळ योगायोग. परंतु खेळाडू हाही श्रमणारा माणूस आहे, आणि त्याच्या श्रमांची वर्षे फार थोडी असतात, हे लक्षात घेतले तर त्या परिपत्रकाचा प्रकाश मैदानावरही पडतो.

निष्ठेची उदाहरणे नाहीत असे नाही. चुनी गोस्वामी आपली सारी क्लब-कारकीर्द मोहन बागानसाठी खेळले. पी. के. बॅनर्जी १९५५ पासून अखेरपर्यंत ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. तीन बड्या क्लबांपैकी एकाकडेही ते खेळाडू म्हणून गेले नाहीत. १९५८ साली त्यांच्या ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. भुसावळच्या रेल्वे कुटुंबांनी हे नाव आपल्या मुलांना अवश्य सांगावे. मात्र अशी निष्ठा हे दान असते. दान म्हणून तिचे कौतुक करावे. कर्ज म्हणून ती इतरांकडून वसूल करता येत नाही.

आता प्रशिक्षक. हेच पी. के. बॅनर्जी १९७२ पासून ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे ईस्ट बंगालने लीग जिंकली. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानचा पाच विरुद्ध शून्य असा पराभव केला. पुढच्या हंगामाआधी प्रदीपदा थेट मोहन बागानकडे गेले, आणि १९७६ ची लीग मोहन बागानने जिंकली. एका गल्लीत जो देव होता तो दुसऱ्या गल्लीत गेला. माणूस, त्याचे ज्ञान आणि त्याची शिट्टी तीच राहिली. गोव्यात आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळाले तेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९६२ साली जाकार्तामध्ये कर्करोग त्यांचे शरीर पोखरत होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले. बाकावर बसलेल्या माणसाच्या अंगात काय दुखते आहे, हे प्रेक्षकांतून दिसत नाही.

धर्मगुरूंच्या बदल्यांच्या दिवसांत धर्मग्रामांतही थोडेफार असेच बोलणे चालते, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. जुने फादर बरे होते की नवे बरे येतील, याची चर्चा आम्हांलाही ऐकू येते. तीत प्रेमही असते. पण प्रेमाच्या शेजारीच कठोरपणाही बसलेला असतो.

आठव्या आज्ञेचे विवरण करताना कॅथलिक धर्मशिक्षणात तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेशा आधारावाचून दुसऱ्याला दोषी मानणे, हा पहिला. दोष खरा असला तरी योग्य कारणावाचून तो इतरांपुढे उघड करणे, हा दुसरा. असत्य बोलून एखाद्याचा लौकिक घालवणे, हा तिसरा. हंगामांच्या मधल्या गप्पांत हे तिन्ही एकाच चहाबरोबर येतात. 'अमक्याने पैसे खाल्ले', 'तमका मुद्दाम खराब खेळला', ही वाक्ये पुराव्यावाचून उच्चारली जातात, आणि ज्याच्याविषयी ती बोलली जातात तो उत्तर द्यायला तेथे नसतो.

शब्द हवेत विरतात असे मानू नये. १९७५ च्या त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपवले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये दंगल होऊन चेंगराचेंगरीत १६ चाहते मृत्युमुखी पडले. सामन्याला गेलेले ते चाहते घरी परतले नाहीत. हा द्वेष त्या एका दुपारी जन्मला असे आम्हांस वाटत नाही. मैदान रिकामे असताना महिनोन्महिने जे पेरले जाते, तेच मैदान भरले की उगवते.

तिसरा प्रश्न क्लबचा, आणि तो सर्वांत खोल आहे. क्लब कोणाचा? मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली तो संघ बंद करण्यात आला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जे. सी. टी. २०११ मध्ये संपला. २०१६ साली गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यांतला धेंपो पुढे २०२४ मध्ये बढती मिळवून परतला. यांपैकी महिंद्र मैदानावर हरून संपला नाही. कार्यालयातल्या एका बैठकीने त्याचा शेवट केला. क्लब मरतात ते बहुधा दोन हंगामांच्या मध्ये.

गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने. १८८३ साली प्रकृती सुधारावी म्हणून शिवोलीला आलेले फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकवला. तेथून तो चर्चच्या पटांगणांतून गावोगावी गेला. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या गोवेकरांनी धोबीतलाव परिसरात आपापल्या गावांचे 'कूड' उभारले; त्यांनाही ते क्लबच म्हणत. एक जहाज सोडले आणि दुसरे मिळायचे आहे, अशा मधल्या दिवसांत खलाशाला तेथे आसरा मिळे. पेटी ठेवायला जागा, गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेला रोझरी. काम नसलेल्या काळात माणसाला धरून ठेवते ते घर, असा या क्लब शब्दाचा अर्थ होता.

ग्लासगोमध्ये १८८७ साली ब्रदर वॉल्फ्रिड या मारिस्ट बंधूंनी गरीब कॅथलिक मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा म्हणून सेल्टिक क्लब स्थापला. १८९२ मध्ये त्यांची लंडनला बदली झाली आणि १८९७ मध्ये क्लबची कंपनी झाली. ब्यूनोस आयर्सचा सान लोरेन्सो क्लब १९०८ साली सालेशियन धर्मगुरू लोरेन्सो मास्सा यांच्या आश्रयाने उभा राहिला. पोप फ्रान्सिस त्याचे बालपणापासूनचे चाहते होते. १९७९ साली क्लबला आपले जुने मैदान गमवावे लागले व तेथे बाजाराची इमारत उभी राहिली. चाहत्यांनी हट्ट सोडला नाही, आणि २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने जमीन परत मिळण्याचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला. आपल्या देशात २०२० साली मोहन बागानच्या नावाआधी दुसऱ्या क्लबची आद्याक्षरे जोडली गेली. चाहत्यांनी निषेध चालू ठेवला, आणि २०२३ मध्ये ती अक्षरे काढण्यात आली. हेही दोन हंगामांच्या मधलेच बोलणे होते. परंतु ते कोणा माणसाला खाली पाडण्यासाठी नव्हते, एक घर उभे ठेवण्यासाठी होते.

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम लांबणीवर टाकला गेला. आयोजकांच्या कराराचा प्रश्न सुटला नव्हता. काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. त्या महिन्यांत कोणता खेळाडू कोठे जाणार याच्या पैजा लावणाऱ्या चाहत्यांपैकी किती जणांनी मैदान राखणाऱ्या माळ्याच्या घरी चूल पेटते का, असे विचारले असेल?

आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हंगामांच्या मधल्या काळाचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. केळीचा घड कापला म्हणून तो बागेकडे पाठ फिरवीत नाही. बुंध्याशी आलेल्या पिलांतले जोमदार तेवढे राखतो, त्याला पाणी देतो, आणि त्याच मुळांवर पीलबाग धरतो. त्या दिवसांत बागेत चाललेला विळा रागाने चालत नाही.

चाहत्यांनी गप्प बसावे असे आमचे म्हणणे नाही. खेळाची चिकित्सा करावी, चुकीच्या निर्णयाला विरोध करावा, हिशेब मागावा. मात्र ज्याच्याविषयी आपण बोलतो तो या क्षणी आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसला, तर हेच वाक्य आपण त्याच्या तोंडावर उच्चारू का, एवढे मनाशी विचारावे. उच्चारता येत असेल तर ते जरूर उच्चारावे.