लेखकाची मिळकत आणि परदेशवास

परक्या देशात राहू इच्छिणाऱ्यास ‘तुमचा निर्वाह कशावर?’ असे तेथील सरकार विचारणारच. जमीनदार वा पगारदार त्याचे उत्तर सहज देतो; लेखकाने काय द्यावे? १९४० साली जर्मन फौजांनी पॅरिस घेतल्यावर जेम्स जॉइस याने स्वित्झर्लंडात आश्रय मागितला. त्याची मिळकत म्हणजे पुस्तकांचे तुटपुंजे उत्पन्न व हॅरिएट वीव्हर या बाईंचे औदार्य! स्विस अधिकाऱ्यांनी प्रथम अर्ज फेटाळला. पूर्वीच्या महायुद्धात झुरिकमध्येच त्याने ‘युलिसीस’चा मोठा भाग लिहिला होता, पण कीर्ती तारण म्हणून चालेना. अखेर मित्रांनी २०,००० फ्रँक अनामत ठेवले, तेव्हा डिसेंबरात प्रवेश मिळाला. १३ जानेवारी १९४१ रोजी तो तेथेच वारला. अधिकाऱ्यांस केवळ निष्ठुर म्हणणे आम्हांस रास्त वाटत नाही. लेखणीची मिळकत मोजण्याचे माप त्यांच्या कायद्यात नव्हते, एवढे खरे.